देह नावाची ठेव

गेल्या उपवासकाळातील एक रविवार. ख्रिस्तयाग आटोपून आम्ही पूजावस्त्रे उतरवीत होतो. तेवढ्यात अकोल्याच्या जुन्या शहरातून नित्यनेमाने येणारी आमच्या धर्मग्रामातील एक भगिनी दाराशी येऊन उभी राहिली. वय पंचावन्नच्या आतबाहेर. आयुष्याची वीस-बावीस वर्षे दाल मिलमध्ये डाळ निवडण्यात गेली आणि उरलेला वेळ घरातील सहा माणसांच्या चुलीपुढे. हातात दवाखान्याचा घडी घातलेला कागद होता. तो न उघडताच ती म्हणाली, "फादर, मी असं कोनतं पाप केलं म्हनून मले हे शुगर लागली?"

आम्ही काही बोलण्यापूर्वीच तिने दुसरा प्रश्न केला. "शेजारच्या गच्चीवर सकायी बायायले योगा शिकवतात. डॉक्टर म्हनते जा. आपल्यात चालते काय?" आणि जाता जाता, मान खाली घालून, तिसरा : "घरचं काम टाकून सोतासाठी अर्धा घंटा काढनं बरं दिसते काय?"

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आम्ही तत्काळ दिले : "जा, अवश्य जा." पहिल्यावर "असे म्हणू नये" एवढे बोललो आणि तिसऱ्यावर नुसते हसलो. रात्री अंथरुणावर पडल्यावर ध्यानात आले की तिन्ही प्रश्नांतील जो सर्वांत सोपा, ज्याची तयारी सेमिनरीने आमच्याकडून करून घेतली होती, तेवढ्याचेच उत्तर आम्ही दिले होते. उरलेले दोन प्रश्न त्या भगिनीबरोबर जुन्या शहरात परत गेले. हा लेख म्हणजे त्या दोन प्रश्नांना उशिरा दिलेले उत्तर आहे.

पहिला प्रश्न पापाचा. तो तिला सुचला यात आमचाही वाटा आहे. त्याच उपवासकाळाच्या आरंभी आम्ही खादाडपणावर प्रवचन केले होते. सुटलेल्या पोटांचा विनोद केला होता आणि लोक हसले होते. ती भगिनी तिसऱ्या बाकावर बसली होती. दुर्दैव असे की तो विनोद करणाऱ्याचा स्वतःचा रक्ततपासणीचा अहवाल तेव्हा चार महिने नित्यप्रार्थनेच्या ग्रंथात दडवून ठेवलेला होता. डॉक्टरांनी आम्हालाही तेच सांगितले होते. आम्ही ते कोणाला कळू दिले नाही, कारण आम्हालाही त्याची लाज वाटत होती. मलेरिया झाला तर माणूस सांगतो, हाड मोडले तर सांगतो. मधुमेह मात्र चारित्र्यावरचा डाग असावा तसा आपण झाकून ठेवतो.

ही लाज कितपत खरी आहे? पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधील त्यांचे सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोघेही अंगाने बारीक. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही नेमका २२.३. परंतु देहातील चरबी मोजली तेव्हा इंग्रज डॉक्टरांची ९.१ टक्के भरली आणि आपल्या डॉक्टरांची २१.२ टक्के. वरून बारीक, आतून मेदयुक्त, अशी आपल्यापैकी अनेकांच्या देहाची ठेवण आहे. डॉ. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून गरोदर मातांचा आणि त्यांच्या बालकांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो आढळले, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. एवढ्याशा त्या देहांत स्नायू कमी होते, पण चरबी तुलनेने राखून ठेवलेली होती. अर्धपोटी राहून शेतात राबणाऱ्या आईच्या उदरातच बाळाचा देह टंचाईला तोंड द्यायला शिकतो. पुढे अन्न मुबलक झाले आणि हालचाल घटली की तीच शिकवण त्याच्यावर उलटते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे रुग्ण १० कोटींहून अधिक आहेत आणि त्याच्या उंबरठ्यावर असलेले १३ कोटींहून अधिक. एवढ्या सगळ्यांनी मिळून एकच पाप केले, असे कोण म्हणेल?

संत योहानाच्या शुभवर्तमानातील नवव्या अध्यायात शिष्य जन्मांध माणसाकडे बोट दाखवून प्रभूला विचारतात की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभू दोघांनाही दोषमुक्त करतो. आपण तो प्रसंग बहुधा येथेच थांबवतो. पुढे काय होते? प्रभू मातीचा लेप त्या माणसाच्या डोळ्यांवर लावतो आणि शिलोहाच्या तळ्यावर जाऊन धुऊन येण्यास सांगतो. त्या आंधळ्याला चिखल भरल्या डोळ्यांनी, चाचपडत, स्वतःच्या पायांनी तळ्यापर्यंत जावे लागते. दोष त्याचा नाही, तरी चालणे मात्र त्याचे आहे. अपराध आणि जबाबदारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अपराध नसतानाही जबाबदारी असू शकते, आणि अपराधाचे ओझे उतरले म्हणजेच जबाबदारी उचलण्याचे बळ येते. त्या भगिनीला आम्ही हे सांगायला हवे होते : बाई, तू पाप केलेले नाहीस, पण तळ्यापर्यंत चालायचे आहे.

ते तळे म्हणजे या प्रसंगी एक गच्ची होती. जुने शहर ज्यांनी पाहिले आहे त्यांना गच्चीचे महत्त्व सांगायला नको. मोर्णेच्या या काठावर असदगडाच्या आसऱ्याने वाढलेल्या वस्तीत गल्ल्या अरुंद आहेत आणि सकाळ उजाडताच दुचाक्यांची वर्दळ सुरू होते. बाईमाणसाने मोकळेपणी चालायला जावे कोठे? उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात गेला की दिवस वर येण्याआधीच रस्ता तापू लागतो. वऱ्हाडाला व्यायामाची परंपरा नाही असे मुळीच नाही. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली स्थापन झाले आणि १९३६ साली त्याच्या मल्लांनी बर्लिनमध्ये भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली, याचा आम्हा वऱ्हाडकरांना अभिमान आहे. पण आखाडा आणि मल्लखांब ही तरुण पुरुषांची मिरास. गुडघे धरलेल्या पंचावन्न वर्षांच्या बाईने अंग कसे हलवावे, याचा विचार त्या मानाने फार उशिरा झाला.

आम्ही एके दिवशी परवानगी घेऊन तो वर्ग पाहायला गेलो. शाळेतून निवृत्त झालेल्या शारीरिक शिक्षणाच्या एक बाई तो चालवितात. सतरंज्या, तीन-चार खुर्च्या आणि पंधरा-सोळा स्त्रिया. हात वर करून टाचा उचलणे, कमरेतून हलकेच वळणे, गुडघ्या-हातांवर येऊन मांजरासारखी पाठ वाकविणे, पालथे पडून छाती थोडी उचलणे, खुर्चीला धरून अर्धे बसणे आणि उठणे. शेवटी उताणे पडून श्वास शांत होऊ देणे. कोणालाही 'अजून वाका' असे म्हटले जात नव्हते. 'जिथे दुखते तिथे थांबा' हा एकच नियम. आम्ही जिन्यापाशी खुर्चीवर बसलो होतो. बाईंनी खुर्चीवरच्या माणसालाही सोडले नाही. पायांची बोटे आमच्या हातांपासून इतकी दूर गेली आहेत, हे आम्हाला त्या दिवशी कळले.

एवढ्याने काय साधते? खाल्लेल्या अन्नाची शक्ती करणे, ती साठविणे आणि खर्चणे या देहाच्या अखंड व्यवहाराला आपण चयापचय म्हणतो. रक्तातील साखरेचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक म्हणजे आपले स्नायू. एरवी इन्सुलिनने दार उघडल्यावर साखर स्नायूंत शिरते. मधुमेहात हेच दार कुरकुरते. पण स्नायू आकुंचन पावू लागला की तो इन्सुलिनची वाट न पाहता साखर आत ओढून घेतो, आणि व्यायामानंतर काही तास ते मुख्य दारही सैल राहते. म्हणून तासन्‌तास बसून राहणे मोडणे, जेवणानंतर थोडे हिंडणे, हलके ताण घेणे यांना अर्थ आहे. संथ श्वासाने मनावरचा ताण उतरतो, आणि तणावाच्या वेळी साखर चढविणारे स्रावही मग आवरते राहतात.

मात्र अतिशयोक्ती नको. औषधोपचाराच्या जोडीने नियमित योगाभ्यास केला असता उपाशीपोटीची साखर आणि तीन महिन्यांची सरासरी काही अंशी उतरते, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. त्यांतील पुष्कळ अभ्यास लहान आहेत, हेही खरे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचविते. हलके ताण ही त्या वाटेवरची पहिली पायरी, आणि ज्यांचे गुडघे अडून बसले आहेत त्यांच्यासाठी कदाचित एकमेव मोकळे दार. गोळ्या परस्पर बंद करू नयेत. इन्सुलिन घेणाऱ्याने साखर एकदम उतरण्याची काळजी घ्यावी. डोळ्यांच्या पडद्याला इजा असेल तर डोके खाली घालण्याची आसने टाळावीत. लोणावळ्याला १९२४ साली कैवल्यधाम स्थापणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी योगक्रियांची क्ष-किरणांनी तपासणी करून पाहिली होती. चमत्कार सांगण्याऐवजी मोजून पाहण्याची ही महाराष्ट्राची शिस्त आपणही पाळावी.

आता दुसरा, धर्माचा प्रश्न. तो आम्ही सोपा म्हटला, तरी काही भाविकांच्या मनात तो खरोखर सलतो, आणि त्यांच्या सदसद्विवेकाची थट्टा करण्याचा अधिकार कोणालाच नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली सांगितले की अन्य धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारीत नाही. पुढे १९८९ साली रोमहून ख्रिस्ती ध्यानाविषयी जे पत्र निघाले त्यात पौर्वात्य पद्धतींतील उपयुक्त ते घेण्यास वाव ठेवला आहे, आणि एक इशाराही दिला आहे : देहाच्या स्वस्थतेतून येणारी शांती म्हणजेच पवित्र आत्म्याचे सांत्वन असे समजू नये. हा इशारा आम्हाला फार मोलाचा वाटतो. गच्चीवरचा अर्धा तास ही प्रार्थना नव्हे, आणि ती प्रार्थना असण्याची गरजही नाही. दात घासणे हे ख्रिस्ती आहे की नाही, असे आपण विचारीत नाही. ताणण्याला घाईघाईने ख्रिस्ती झगा चढविण्याचे कारण नाही आणि त्याला भिण्याचेही नाही. वर्गातील बाई शेवटच्या शांततेत काही म्हणायला लावीत नाहीत. ज्याने त्याने आपले मनात म्हणावे. आमची भगिनी तेव्हा जपमाळेचे एक दशक म्हणते.

देहाने भक्ती करण्याचे आपल्याला वावडे कधीच नव्हते. संत डोमिनिक प्रार्थना करताना कसे वाकत, जमिनीवर पालथे पडत, पुन्हा पुन्हा गुडघे टेकीत, बाण सुटावा तसे हात उंच ताणून उभे राहत, याचे वर्णन करणारी एक पुस्तिका तेराव्या शतकातील आहे. आपण ख्रिस्तयागात उभे राहतो, बसतो, गुडघे टेकतो, ते उगीच नव्हे. आणि आमच्याच शहरात श्रावणातील शेवटच्या सोमवारी पूर्णेचे पाणी कावडीने खांद्यावर वाहून राजराजेश्वराला येणारे हजारो तरुण आपण पाहतोच. श्रद्धा निराळी असली तरी देहाला मनाच्या बरोबरीने चालवावे लागते, ही जाण एकच आहे.

उरला तिसरा प्रश्न : स्वतःसाठी अर्धा तास काढणे बरे दिसते काय? खरा नैतिक प्रश्न हा आहे, आणि याच प्रश्नावर आम्ही हसलो होतो.

आपली परंपरा झिजण्याचा गौरव करते. २१ जूनला आता जगभर योगदिन पाळला जातो. संयुक्त राष्ट्रांनी २०१४ साली तसा ठराव केला आणि पहिला योगदिन २०१५ साली झाला. आपल्या पंचांगात मात्र तो दिवस संत अलोयसियस गोन्झागा यांचा आहे. प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करता करता त्यांना आजार जडला आणि २१ जून १५९१ रोजी, वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी, रोममध्ये त्यांनी देह ठेवला. एका बाजूला देह जपण्याचा दिवस, दुसऱ्या बाजूला देह उधळून देणारा संत. दोघांचा मेळ कसा घालावा? त्यांच्या चरित्रात याचे उत्तर सापडते. लहानपणापासून ते उपासतापासांनी देहाला जाळीत असत. येशूसंघात आल्यावर वरिष्ठांनी त्यांना ते थांबवायला लावले, अधिक जेवायला लावले, इतरांत मिसळायला लावले. वरिष्ठांना देहाचा छळ नको होता. पुढे जेव्हा प्लेगचा रोगी समोर आला तेव्हा तोच देह त्यांनी प्रेमाने देऊन टाकला. देहाची हेळसांड करणे आणि देह प्रेमाखातर वेचणे, या दोन गोष्टी दिसायला सारख्या, पण जातीने भिन्न आहेत. असीसीचे संत फ्रान्सिस आपल्या देहाला गाढव म्हणत आणि त्याला तसेच वागवीत. मरणसमयी मात्र या बंधूचा आपण फार अपराध केला, अशी कबुली त्यांनी दिली. संत फ्रान्सिस द सेल्स, ज्यांच्या नावाच्या संघातील धर्मगुरूंनी नागपूर-वऱ्हाडच्या मिशनचा पाया घातला, ते हरिणाचा दृष्टांत देत : हरिण फार माजले तरी धावू शकत नाही आणि फार रोडावले तरी नाही.

आणि संदेष्टा एलिया! सेवेने थकून, हताश होऊन तो झुडपाखाली मरण मागतो. देवाचा दूत त्याला उपदेश करीत नाही, कानउघाडणी करीत नाही. तो त्याला स्पर्श करतो, भाकर आणि पाणी देतो आणि पुन्हा झोपू देतो. मग दुसऱ्यांदा उठवून खाऊ घालतो, कारण पुढची वाट लांबची आहे. देहाची काळजी घेण्याचे याहून सुंदर कारण आम्हाला धर्मग्रंथात सापडलेले नाही.

संत पौल करिंथकरांना देह हे पवित्र आत्म्याचे मंदिर म्हणतात आणि लगेच सांगतात की तुम्ही स्वतःचे नाही. आपण पहिले वाक्य लक्षात ठेवतो आणि दुसरे विसरतो. देह आपल्या मालकीचा नाही, ती ठेव आहे. मालकीची वस्तू माणूस मिरवतो, आरशासमोर धरतो, वजनकाट्यावर पुन्हा पुन्हा तोलतो. १९९२ सालच्या कॅथोलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथाने या देहपूजेला स्पष्ट नकार दिला आहे. पण ठेव उधळताही येत नाही आणि दृष्टांतातील त्या भित्र्या सेवकासारखी पुरूनही ठेवता येत नाही. ती राखायची असते, कारण ती एक दिवस परत द्यायची असते. गच्चीवर त्या साऱ्या जणी डोळे मिटून उताण्या निश्चल पडल्या, तेव्हा हा विचार आमच्या मनात आल्यावाचून राहिला नाही.

परंतु येथेच थांबलो तर आम्ही पुन्हा तीच चूक करू. त्याच धर्मशिक्षणाच्या ग्रंथात आरोग्य राखण्याची जबाबदारी एकट्या व्यक्तीवर टाकलेली नाही. अन्न, निवारा, वैद्यकीय मदत, रोजगार यांसाठी समाजाने हातभार लावला पाहिजे असे तेथे म्हटले आहे. गच्चीवर पुन्हा चौकशी केली तेव्हा कळले की आमची भगिनी आठवड्यातून एक-दोनदा हमखास गैरहजर असते. कारण विचारले. "नळ येते ना त्या दिवशी." अकोल्यात नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येते त्या दिवशी घरातील प्रत्येक भांडे भरून घ्यावे लागते. ते तीच भरते. घरात दोन धडधाकट मुलगे आहेत, नवरा आहे. तेव्हा आम्हाला तिच्या तिसऱ्या प्रश्नाचा अर्थ उमगला. 'बरे दिसते काय' म्हणजे कोणाला बरे दिसते काय? त्यागाचा महिमा आम्ही वर्षानुवर्षे वेदीजवळून सांगत आलो. तो ऐकून झिजल्या त्या बायका, आणि ज्यांनी उठायचे ते खाटेवर पडून राहिले. तिचा देह प्रेमाने वेचला गेला यात शंका नाही. पण त्यातील किती तिने दिला आणि किती आम्ही सर्वांनी न विचारता घेतला?

म्हणून तिला 'स्वतःची काळजी घे' असे नुसते सांगणे म्हणजे तिच्या डोक्यावर आणखी एक घागर ठेवणे आहे. अर्धा तास तिने काढायचा नाही, तो तिला द्यायचा आहे. घराने द्यायचा, धर्मग्रामाने द्यायचा. ईस्टरनंतर घरे आशीर्वादित करायला गेलो तेव्हा तिच्या घरी पवित्र पाणी शिंपडून झाल्यावर आम्ही मुलांना सहज विचारले, "नळाच्या दिवशी पाणी कोण भरते?" कोणी बोलले नाही. ती चहा ठेवायला आत गेली होती. धाकटा खाली पाहत होता.

त्यानंतरच्या नळाच्या दिवशी ती गच्चीवर आली होती, असे बाईंनी सांगितले. तिची साखर किती उतरली ते आम्ही विचारले नाही. तो तिचा आणि डॉक्टरांचा प्रश्न. आमचा अहवाल आता नित्यप्रार्थनेच्या ग्रंथात नाही, टेबलावर उघडा असतो. सकाळी खोलीत खुर्चीवर बसून आम्ही हात-पाय ताणतो. बोटे अद्याप दूरच आहेत.

येत्या उपवासकाळात पोटांविषयी प्रवचन करायचे नाही, असे आम्ही ठरविले आहे. त्या रविवारी पुरुषांच्या बाकांकडे पाहून विचारू की पाणी कोण भरते.